कोळवेभर औषध

एका गावात एक मापारी राहायचा. खळ्यावर धान्य मापून ज्याचे त्याला द्यायचे, हे त्याचे काम. गावात तराजू नव्हता आणि कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती. तराजूला दांडी मारता येते, माप मात्र चारचौघांच्या डोळ्यांदेखत भरते, असे गावाचे ठाम मत होते. म्हणून ज्वारीपासून तुपापर्यंत सगळे काही लाकडी मापांनीच मोजले जाई. सगळ्यात मोठी पायली, मग शेर, मग चिपटे, आणि तळहातावर मावणारे इवलेसे कोळवे.

मोजणी सुरू झाली की मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत असे. ते लाभाचे माप मापाऱ्याच्याच घरी जायचे, ही तिथली जुनी रीत. मग 'दोन', 'तीन' असे मोजत तो पुढे सरकायचा. माप काठाशी थांबवायचे नाही, काठावर टोकदार ढीग उभा राहीपर्यंत भरायचे. या ढिगाला म्हणतात शीग. सपाट माप भरणाऱ्याला तो गाव चिक्कू म्हणे. आपल्या मापाऱ्याची शीग तर इतकी नेमकी की दर मापाला बरोबर पाव माप जास्त, ना एक दाणा कमी ना एक दाणा अधिक. चाळीस वर्षांत त्याच्या मापाला कुणी नाव ठेवले नव्हते. त्यामुळे झाले काय, की आपलेही चुकू शकते हे तो भला माणूस पार विसरून गेला होता.

एका वर्षी गावात ताप शिरला. मोठ्यांच्या वाटेला तो जात नव्हता, धरायचा फक्त पोरांना. अंग फणफणायचे, डोळे लाल व्हायचे, आणि आठव्या-नवव्या दिवशी हाक मारली तरी पोर ओ देईनासे व्हायचे. बघता बघता वीस घरांत वीस पोरे अंथरुणाला खिळली. त्यात मापाऱ्याची एकुलती एक नात होती, सहा वर्षांची. दिवसभर टकळी चालवणारी ती पोरगी आता कपाळावर ओले फडके घेऊन नुसती पडून होती, आणि घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

घाटापलीकडे एक म्हातारा वैद्य राहत होता. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. घाट तुडवायची सवय असलेली एक धनगरीण तडक निघाली आणि चौथ्या दिवशी दुपारी चूर्णाची पिशवी डोक्यावर घेऊन परत आली. वैद्याचा निरोप तिने वाटभर घोकला होता. तो तिने उभ्याउभ्याच सांगितला.

"घड्याला दहा तोळे. आसं वीस घडं व्हतील. चूर्ण बेतानंच दिलंय, ना कमी ना जास्त. दिवस डोंगराला टेकंपत्तोर भिजू द्या, मग पोराला रोज वाटीभर पाजा, घडा सरंपत्तोर खंड पाडू नगा. औषध लई उग्र हाय. कमी पडलं तर ताप हटायचा न्हाई, आन्‌ जास्त झालं तर पोराची छाती बंद पडंल. वैद्यबुवांनी तीनदा बजावलंय."

"तोळे?" पाटील म्हणाले. "आता ते कुठून आणायचे?"

सगळ्यांनी मापाऱ्याकडे पाहिले. मापारी चार दिवसांत पहिल्यांदाच हसला.

"त्यात काय मोठंसं, पाटील? कोळवंभर ज्वारी म्हणजे दहा तोळे. माझ्या बापानं मला लहानपणीच शिकवलंय. घड्याला एक कोळवं, झालं काम!"

ज्वारीचे कोळवे दहा तोळ्यांचे, हे खरेच होते. पण चूर्णाचे कोळवे किती तोळ्यांचे, हे विचारायचे कुणाच्या मनात आले नाही. मापाऱ्याच्याही नाही. चाळीस वर्षे त्याने मापले ते बहुतेक धान्यच, आणि कोळवे म्हणजे दहा तोळे हे त्याच्या डोक्यात इतके पक्के बसले होते की आत काय भरले आहे याला तिथे जागाच उरली नव्हती.

देवळापुढे वीस घडे पाण्याने भरून मांडले. मापाऱ्याने कोळवे पिशवीत खुपसले, वर शीग लावली आणि खणखणीत आवाजात म्हटले, "लाभ!" लेकरांच्या औषधाला हात आखडायचा म्हणजे काय, असेच त्याला वाटले. मनगटाला ते कोळवे जरा जड लागले खरे. पण नातीच्या काळजीने तो पुरता थकला होता, म्हणून त्याने ते मनावर घेतले नाही. घडा ढवळून झाला आणि रीतीप्रमाणे त्याची सून तो कमरेवर घेऊन घरी गेली.

दोन. तीन. चार. ज्याचा घडा भरेल तो उचलून घरची वाट धरत होता. आठवे कोळवे भरले आणि पिशवी रिकामी झाली.

मापाऱ्याने पिशवीत हात घालून चाचपले. काही नाही. समोर बारा घडे नुसत्या पाण्याचे उभे होते आणि त्यांच्यामागे बारा घरची माणसे.

"संपलं?" पाटलांनी विचारले.

"वैद्यानं हात आखडला," मापारी म्हणाला. "वीस म्हणाला आणि दिलं आठाला."

"न्हाई वो," धनगरीण म्हणाली. "माझ्या म्होरंच मोजून घातलंय त्यांनी."

"मग वाटेत सांडलं असशील."

एवढे बोलायचा अवकाश, सगळा गाव तिच्यावर उलटला. कुणी म्हणाले विकले असेल, कुणी म्हणाले घाटात पडली असेल आणि आता लपवते आहे. चार दिवस ज्या बाईने पाय रक्ताळून घेतले, तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि ती नदीकडे चालू लागली.

बारा घरांतली एक आई पुढे आली. तिचा मुलगा पाच दिवसांपासून तापाने फणफणत होता. ती हात जोडून म्हणाली, "मापारीबाबा, पुन्हा घाटापलीकडं जाऊन यायला चार दिवस लागतील. तेवढा तो टिकायचा नाही. त्या आठ घड्यांतलंच थोडं थोडं आम्हाला द्या ना. वर पाणी घालू."

"खुळी का काय तू?" मापारी कडाडला. "दहा तोळे म्हणजे दहा तोळे! पातळ केलं तर तुझंही पोर जाईल आणि त्या आठ घरांचीही जातील."

बाई पदर तोंडाला लावून मागे फिरली. मापारी मापे आणि रिकामी पिशवी धुवायला नदीवर गेला. दिवस अजून दोन कासरे, म्हणजे बैलाच्या दोन दोरांइतका, वर होता.

नदीवर कुणी नव्हते. फक्त थोड्या अंतरावर ती धनगरीण पाण्यात पाय सोडून बसली होती. मापाऱ्याने तिच्याकडे पाठ केली. पण पाठ केली म्हणून मन थोडेच गप्प बसते? आठ आणि वीस हे दोन आकडे त्याच्या डोक्यातून हलेनात. वैद्य काही लबाड नव्हता, अख्ख्या मुलखात त्याचे नाव होते. पोरांच्या जिवाच्या औषधात असा माणूस बारा घड्यांचा घोळ कसा घालेल? मग त्याला मनगटाला लागलेला तो जडपणा आठवला. 

"मापारी," धनगरीण न वळताच म्हणाली, "म्या भांडाय न्हाई बसले. पर एक सांगते. दोन दीस ती पिशवी माझ्या डोक्यावर व्हती. अडीच शेर ज्वारी डोक्यावर घेतली का मान जशी भरून येती, तशी आली. दिसाया बारकी पिशवी, पर वझं अडीच शेर ज्वारीचं. डोक्याला माप कळत न्हाई. डोक्याला वझं कळतं."

शेराची आठ कोळवी, म्हणजे अडीच शेर ज्वारीची वीस कोळवी. मापाऱ्याने हा हिशेब मनात केला नाही, तो आपोआप झाला. वीस कोळवी, प्रत्येकी दहा तोळे. वैद्याने सांगितले तेवढेच वजन या बाईने आणून पोचवले होते.

"तुझ्या शिदोरीत ज्वारीचे दाणे असतील का गं?" त्याने विचारले. 

तिने मूठभर दाणे दिले. मापाऱ्याने वाळूतले दोन सारखे इवलेसे शिंपले उचलले, उपरण्याचे दोरे काढून एका सरळ काडीच्या दोन टोकांना बांधले आणि काडी मधोमध तिसऱ्या दोऱ्याने उचलून धरली. पिशवी उलटी करून झटकली, तेव्हा शिवणीत अडकलेले शिंपलाभर चूर्ण निघाले. एका शिंपल्यात सपाट चूर्ण, दुसऱ्यात सपाट ज्वारी. जन्मात पहिल्यांदाच तो काहीतरी तोलत होता. काडी हलू नये म्हणून धनगरिणीने त्याचे मनगट धरून ठेवले.

चूर्णाचा शिंपला खाली गेला.

त्याने चिमटी चिमटीने चूर्ण काढायला सुरुवात केली. काडी सरळ झाली तेव्हा शिंपल्यात निम्मेच चूर्ण उरले होते.

म्हणजे चूर्ण ज्वारीच्या दुप्पट जड होते. सपाट कोळवे दहा तोळ्यांचे नव्हे, वीस तोळ्यांचे. वर त्याची ती नेमकी शीग, पाव मापाची, आणखी पाच तोळे. पंचवीस. एका घड्यात दहाऐवजी पंचवीस तोळे! आठ घड्यांत दोनशे. आणि वीस घड्यांना दहा-दहा म्हणजेही दोनशेच. एरवी हिशेब जुळला की मापाऱ्याला बरे वाटायचे. आज मात्र तो चुकावा असे त्याला वाटले.

अडीचपट उग्र औषध आठ घरांत भिजत पडले होते. त्यातले पहिले त्याच्या स्वतःच्या घरात.

त्याने वर पाहिले. दिवस आता जेमतेम कासराभर उरला होता.

नदीवरून दोन वाटा फुटत होत्या. एक शेताच्या कडेने त्याच्या घराकडे जायची. घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दुसरी वाट देवळाकडे जायची, जवळ होती, आणि देवळापुढे नगारा होता. आग लागली किंवा पूर आला तरच तो वाजवायचा, एरवी त्याला कुणी हात लावत नसे.

मापाऱ्याचे मन घराकडे ओढ घेत होते. कुणाला काही न सांगता घरी जावे, घड्यात पाणी वाढवावे, नात वाचेल. बाकीच्यांचे काय? कदाचित त्यांनाही काही होणार नाही. कदाचित पोरे अर्धी वाटी ओकून टाकतील. कदाचित. आपल्याच मनात असले विचार येतात याची त्याला किळस आली, तरी ते येतच राहिले. नगारा वाजवायचा म्हणजे सगळ्या गावासमोर उभे राहायचे. चाळीस वर्षांचे नाव स्वतःच्या तोंडाने मातीत घालायचे. शिवाय नगाऱ्याकडे गेले तर घरी वेळेत पोचणार कसे? सुनेने नगारा ऐकला नाही तर? ऐकून न ऐकल्यासारखे केले तर? 

"पोरं कुणाची हायेत आठ घरांत?" धनगरिणीने विचारले.

तिने दुसरे काही विचारले नाही. मापाऱ्याने एक एक पोर डोळ्यांसमोर आणले. आठही त्याच्या ओळखीची होती. त्याने मापे तिथेच वाळूत टाकली आणि देवळाच्या वाटेने धावत सुटला.

धाप लागली, छातीत कळ आली, पण तो थांबला नाही. टिपऱ्या उचलल्या आणि म्हाताऱ्या हातांत होते नव्हते तेवढे बळ एकवटून त्याने नगारा बडवला. माणसे हातातले टाकून पळत आली. कुठे आग, कुठे आग, असा एकच गलका झाला.

"कुणी पाजू नका!" मापारी ओरडला. "एक घोट पाजू नका! घडे इकडं घेऊन या! औषध अडीचपट झालंय. वैद्याचं चुकलं नाही. त्या धनगरणीचंही चुकलं नाही. माझं माप चुकलं. मी ज्वारीचे तोळे चूर्णाला लावले, आणि वर शीग लावली."

 मग एक जण ओरडला, "आणि हे आता सांगतोस? त्या बाईला चोर ठरवून झाल्यावर?"

"हो, आता सांगतोय," मापारी म्हणाला. "मला काय बोलायचं ते मागून बोला. आधी पळा."

माणसे पळाली. पाटील पुढे आले. "अरे, पण त्या औषधाचं करायचं काय? ओतून द्यायचं?"

"थेंबसुद्धा ओतायचा नाही. आठ घड्यांत वीस घड्यांचं औषध आहे. प्रत्येक घड्याला दीड घडा पाणी घालायचं, म्हणजे एकाचे अडीच घडे होतील. आठाचे वीस."

"दीड घड्यानं आठाला बारा घडे पाणी लागेल," पाटील म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. त्यांच्या पुढ्यातच बारा घडे नुसत्या पाण्याचे भरून ठेवलेले होते, दुपारपासून.

ती आईही तिथेच उभी होती. मापाऱ्याने तिला हात जोडले. "पाणी घाला म्हणत होतीस, तेच बरोबर होतं, बाई. मीच तुला हाकलून दिलं."  पुढे होऊन तिने औषध-पाणी मिसळायला एक मोकळी घागर उचलली.

एक एक घडा येऊ लागला. कुणी पाजले तर नव्हते ना, असे मापारी प्रत्येकीला विचारत होता, आणि प्रत्येकीने नाही म्हटले की सुस्कारा टाकत होता. एक, दोन, चार, सहा, सात. सात घडे आले. आठवा आला नाही. तो त्याच्याच घरचा होता, आणि तिकडे कुणी गेलेच नव्हते.

कसे मिसळायचे ते पाटलांना पुन्हा एकदा सांगून तो घराकडे निघाला. तेवढी वाट त्याला आयुष्यात कधी इतकी लांब वाटली नव्हती. दिवस डोंगराला टेकला तेव्हा तो दारात पोचला.

सून दारातच उभी होती, गोंधळलेली. "मामंजी, कुठं आग लागलीय? पोरीला एकटी टाकून येता येईना मला."

"पाजलंस?" त्याने विचारले.

सुनेने मागे पाहिले. पोरीच्या उशाशी वाटी होती, आणि ती भरलेली नव्हती.

"थोडं पाजलं. घोट-दोन घोट घेतले असतील. कडू लागलं म्हणून दात आवळून बसली. दिवस टेकायला थोडाच उरला होता, म्हणून मी नाक दाबून उरलेलं ओतणार होते, तेवढ्यात नगारा वाजला आणि मी वाटी ठेवून बाहेर धावले. का? काय झालं, मामंजी?"

मापारी आत धावला. देवापुढची पळी घेतली आणि वाटीतले औषध पळी पळी करून दुसऱ्या भांड्यात काढले. सहा पळ्या निघाल्या. मग वाटी पाण्याने भरून तीही मोजली. भरलेल्या वाटीत दहा पळ्या मावत होत्या. म्हणजे पोटात गेल्या चार. अडीचपट उग्र अशा चार पळ्या, म्हणजे बेताच्या औषधाच्या दहा. बरोबर एक वाटी. वैद्याने सांगितली होती तेवढीच.

त्याने पुन्हा मोजले. पुन्हा तेच आले. तिसऱ्यांदा मोजताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागले आणि पळीतले पाणी कुठले, डोळ्यांतले कुठले, काही कळेना. तेव्हा त्याने पळी सुनेच्या हातात दिली.

"सूनबाई, तू मोज," तो म्हणाला. "माझ्यावर विसंबू नकोस."

तिने मोजले. चारच.

तरीही नातीच्या छातीवर हात ठेवून तो तिच्याजवळ बसून राहिला. तिचा श्वास मोजत राहिला. दिवेलागणीला पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले, मग मान भिजली, मग अंग निवत गेले. "आजोबा, ते औषध घाण आहे," ती पुटपुटली, आणि मापारी हुंदके देऊन रडला.

आठवा घडाही देवळापुढे नेला आणि वीस घरांत त्या संध्याकाळी बेताचे औषध पोचले. कुणाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, कुणाचा चौथ्या. त्या आईच्या मुलाचा सगळ्यात उशिरा उतरला, पण उतरला. पाटलांनी गावातर्फे धनगरिणीची माफी मागितली. मापाऱ्याने तर तिचे पाय धरले. तिने ते ओढून घेतले आणि म्हणाली, "सोडा वो, पायाला लागलंय माझ्या."

बऱ्याच दिवसांनी, पोरगी अंगणात पुन्हा टकळी चालवू लागल्यावर, सुनेने मनात अडकलेले विचारले.

"मामंजी, त्या दिवशी तुम्हाला नदीवर कळलं ना? मग नगाऱ्याकडं न जाता सरळ घरी का नाही आलात? आपली पोर होती."

मापाऱ्याने अंगणातल्या पोरीकडे पाहिले.

"सरळ घरी निघालो असतो ना," तो म्हणाला, "तर तू वाटी संपवल्यावर पोचलो असतो."

तात्पर्य एवढेच: भांडे सारखे भरले म्हणून वजन सारखे होत नाही, ते आत काय आहे त्यावर ठरते, आणि आपली चूक कळली की ती आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगावी, कारण ती लपवण्यात वेळ जातो, तोवर ती कुणाच्या तरी पोटात जात असते.